दौलताबादच्या दरवाजातला हौद : आपल्या भागातल्या सहलींचा इतिहास

 

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला हसत हसत विचारलं, "सहलीचा कसला आलाय इतिहास? डबा बांधायचा, एसटीत बसायचं, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद बघायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं." प्रश्न रास्त आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. पण मोकळ्या हवेत, नुसतं बघायला आणि फिरायला म्हणून माणूस घराबाहेर केव्हा पडायला लागला, त्याला कोण पडू देत होतं, आणि वाटेत तहान लागली तर पाणी कुठे मिळत होतं, हाही इतिहासच आहे. आज आपण तो पाण्याच्या बाजूने पाहणार आहोत.

सुरुवात जरा लांबून करू. युरोपात गरम आणि खनिज पाण्याच्या झऱ्यांभोवती अख्खी शहरं उभी राहिली. त्यांना 'स्पा' म्हणतात. हा शब्द बेल्जियममधल्या स्पा नावाच्या गावावरूनच प्रचारात आला. 2021 मध्ये युनेस्कोने सात देशांतली अशी अकरा शहरं जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यात इंग्लंडमधलं बाथ आहे, जर्मनीतलं बाडेन-बाडेन आहे, फ्रान्समधलं विशी आहे, चेक देशातलं कार्लोव्ही व्हारी आहे. या कार्लोव्ही व्हारीत जमिनीतून सत्तर अंशांहून जास्त गरम पाण्याचं कारंजं उसळतं. तिथली रीत अशी की हातात नळीची छोटी कपबशीसारखी सुरई घ्यायची, झऱ्याचं पाणी भरायचं आणि घोट घोट पीत लांबच लांब खांबांच्या ओवऱ्यांतून चालत राहायचं. मग मागच्या डोंगरात वळणावळणाच्या पायवाटा, बसायला बाकं, वर चढून बघायला मनोरे. गटे तिथे जायचा. कार्ल मार्क्ससुद्धा 1874 ते 1876 या काळात तीनदा जाऊन आला. म्हणजे औषध पाण्यात होतंच, पण चालण्यात, झाडांत आणि निवांत बघत बसण्यातही होतं. आपण ज्याला हवापालट म्हणतो, ती त्यांनी शहर बांधून केली.

आपल्याकडे गरम पाणी नाही का? आहे की. ठाण्याकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आहे. कोकणात उन्हेरे, तुरळ, राजापूर आहे. खानदेशात उनपदेव आहे. आणि आपल्या मराठवाड्यात, पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. त्वचेचे विकार बरे होतात या श्रद्धेने लोक तिथे जातात. फरक एवढाच की युरोपात झऱ्याभोवती शहर झालं आणि आपल्याकडे झऱ्याभोवती तीर्थ झालं. तिथे डॉक्टर आला, इथे देव आला. आणि तीर्थ झालं की लगेच दुसरा प्रश्न येतो : या पाण्याला हात कोणी लावायचा?

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असं मात्र समजू नका. युरोपातल्या हवा खायच्या ठिकाणांनाही ही कीड होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरचं बोर्कुम नावाचं बेट, तिथे ज्यू पाहुण्यांना थारा नाही म्हणून मिरवत होतं. हिटलरच्या राजवटीत तर ज्यूंना असल्या ठिकाणांहून पद्धतशीरपणे बाहेर काढलं गेलं. म्हणजे विश्रांतीची, आनंदाची जागा आली की ती कोणाची, हा वाद जगभर झाला आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपण घराकडे येऊ.

आपल्या भागात गरम पाण्याचा झरा नाही. पण आपली सगळी प्रेक्षणीय स्थळं एकेक करून आठवून बघा, प्रत्येक ठिकाणी पाण्याचीच करामत सापडेल. वेरूळला चौतीस लेणी. त्यातली पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. पावसाळ्यात गेलात तर एकोणतिसाव्या लेण्याशेजारी डोंगरावरून धबधबा कोसळताना दिसतो. त्या जागेला लोक 'सीतेची न्हाणी' म्हणतात. लेण्यांतल्या भिक्षूंनी कातळात पाण्याची टाकी खोदून ठेवली. खाली गावात अहिल्याबाई होळकरांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि शिवालय तीर्थाचं देखणं, पायऱ्यापायऱ्यांचं कुंड बांधलं.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नहर आणली. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ डोंगराच्या झऱ्याचं पाणी असंच जमिनीखालून आणून उंचावरून पाडलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. तीच पाणचक्की. फकीर आणि वाटसरूंसाठी तिथे पीठ दळलं जाई.

आणि दौलताबाद! यादवांची देवगिरी. 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि नाव बदललं. शाळेच्या सहलीत आपण सगळे अंधारीत चाचपडलो, खंदकात डोकावलो. पण तिथला हत्ती हौद किती जणांनी नीट पाहिलाय? डोंगरातल्या तळ्यांचं पाणी मातीच्या नळांतून किल्ल्यात आणायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि एवढ्या मोठ्या वस्तीला पुरवायचं, ही त्या काळातली मोठी कारागिरी आहे. आपल्यासारख्या दुष्काळी मुलखाने तर ती अभ्यासावी अशी आहे.

आता ही ठिकाणं बघायला लोक कसे येत? बहुतेक जण यात्रेला येत. घृष्णेश्वराला येत, खुलताबादला उरुसाला येत. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला चालत जाणारी माणसं आजही आपल्या रस्त्यांवर रात्रभर दिसतात. दर्शन झालं की लेणी बघायची, डोंगरावर म्हैसमाळला जायचं. म्हणजे सहल ही यात्रेच्या पदराला बांधलेली होती. नुसतं बघायला येणारे थोडे. सतराव्या शतकात तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी वेरूळला येऊन गेला, त्याने वर्णन लिहून ठेवलं. 1880 मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा मोठा ग्रंथ आला आणि साहेबलोकांचा ओघ वाढला. तेव्हा मुंबईकडून आगगाडीने नांदगावला उतरायचं आणि पुढे टांग्याने किंवा बैलगाडीने वेरूळ गाठायचं, असा तो प्रवास होता.

मग 1900 च्या सुमारास आपली लाइन आली. मनमाड ते सिकंदराबाद, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मीटरगेज. नगरसूल, रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद, औरंगाबाद. ही नावं आपल्याला पाढ्यासारखी पाठ आहेत. शिवना नदीकाठचं लासूर गाव जुनं, दाक्षायणी देवीचं. आपलं हे स्टेशन नवं, त्या रुळांमुळे वसलेलं. बाजारपेठ आली, धान्य आलं, कापूस आला. आणि सहल सोपी झाली. पोटूळ ओलांडलं की दौलताबाद! पुढे 1914 मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, लेण्यांची देखभाल सुरू झाली. 'पर्यटक' नावाचा नवा माणूस आपल्या भागात दिसू लागला.

आगगाडीने सगळ्यांना एका डब्यात बसवलं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. गाडी एकच होती, पण फलाटावरचं पाणी वेगळं होतं. हिंदुस्थानातल्या अनेक स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' अशी वेगळी सोय असायची. आणि ज्याला या दोन्हींत जागा नाही, त्याने काय करायचं?

याचं उत्तर एका नऊ वर्षांच्या मुलाच्या प्रवासात सापडतं. साल 1901. साताऱ्याहून काही मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. मुलांनी आगगाडी आयुष्यात पाहिलेली नव्हती. नवे कपडे, टोप्या, सगळी तयारी. मसूर स्टेशनला उतरली. निरोपाच्या घोळामुळे न्यायला कोणी आलंच नाही. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, पण मुलांची जात कळताच तो मागे सरला. कसाबसा बैलगाडीवाला मिळाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. बरोबर डबा होता, भरपूर जेवण होतं. पण पाणी नव्हतं. आणि रात्रभर कोणी पाणी दिलं नाही. डबा उघडूनही मुलं उपाशी झोपली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी लेखनात लिहून ठेवली आहे. आणि त्याच लेखनात आपल्या दौलताबादची हकिकत आहे. आजच्या भाषणाचा गाभा तीच आहे.

साल 1934. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटलं, तुम्ही येणार असाल तर आपण सगळे सहलीला जाऊ. लक्षात घ्या, सभा नाही, परिषद नाही, सत्याग्रह नाही. सहल! महाडचा लढा होऊन सात वर्षं झाली होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह होऊन गेला होता. बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदांना जाऊन आले होते. एवढ्या सगळ्या धकाधकीनंतर या माणसांना चार दिवस मोकळं फिरावंसं वाटलं आणि त्यांनी काय निवडलं? वेरूळची बौद्ध लेणी. वाटेत दौलताबादचा किल्ला.

साधारण तीस जण होते. बस आणि मोटारी भाड्याने घेतल्या. नाशिकहून येवला, आणि येवल्यावरून निजामाच्या हद्दीत. त्यांनी बेत मुद्दाम जाहीर केला नव्हता. परमुलखात अस्पृश्य प्रवाशाला काय काय सोसावं लागतं हे माहीत असल्यामुळे गुपचूप जायचं ठरलं होतं. फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या माणसांना कळवलं होतं. विचार करा, देशाच्या घटनेचा पुढे मसुदा करणारा माणूस आपल्याच मुलखात लेणी बघायला नाव लपवून निघाला होता.

दौलताबादला स्थानिक मंडळी वाट बघत थांबली होती. आधी चहा घ्या, मग किल्ला बघा, असा त्यांचा आग्रह. पण अंधार पडायच्या आत किल्ला बघून व्हायला हवा होता. परत येताना चहा घेऊ, असं सांगून मोटारी पुढे निघाल्या.

किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक छोटा हौद होता. काठोकाठ भरलेला. भोवती दगडी फरसबंदी. दिवसभरच्या प्रवासाने सगळ्यांचे चेहरे, कपडे धुळीने माखलेले. काही जणांनी फारसा विचार न करता फरसबंदीवर बसून त्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. कोणीही केलं असतं तेच केलं. मग सगळे दरवाजात गेले. आत जायची परवानगी कशी मिळते याची पहारेकऱ्याकडे चौकशी सुरू होती. तेवढ्यात मागून एक म्हातारे मुस्लिम गृहस्थ ओरडत आले. हेटाळणीचा जातिवाचक शब्द वापरून ते म्हणत होते की यांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांच्या मंडळींना तर बोलणी बसलीच, पण तिथल्या गरीब स्थानिक माणसांवरही लोक तुटून पडले : बाहेरच्यांना तुम्ही सांगितलं का नाही? ती बिचारी माणसं हौदापाशी नव्हतीच. पण ऐकून कोण घेतो? दंगल व्हायची वेळ आली होती. बाबासाहेबांनी सगळ्यांना आवरून धरलं.

जमावातला एक तरुण पुन्हा पुन्हा सांगत होता की ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा. शेवटी बाबासाहेबांचा संयम सुटला आणि त्यांनी सरळ विचारलं : तुमचा धर्म हेच शिकवतो का? यातला कोणी उद्या मुसलमान झाला, तर त्याला तुम्ही या हौदातलं पाणी घेऊ देणार नाही का? यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. जमाव गप्प झाला.

मग त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, आम्हाला आत सोडणार की नाही ते सांगा. नाव लिहून घेतलं गेलं, आत वरिष्ठाकडे चिठ्ठी गेली, परवानगी आली. पण अट अशी की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ही अट पाळली जाते की नाही हे बघायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

श्रोतेहो, आम्ही मघाशी हत्ती हौदाचं एवढं कौतुक केलं. ज्या किल्ल्याची निम्मी कीर्ती त्याच्या पाण्याच्या व्यवस्थेची आहे, तो किल्ला या तीस जणांनी बंदुकीच्या पहाऱ्यात, पाण्यापासून हात राखून बघितला. तेव्हाच्या युरोपात पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायला नोकर उभे असायचे. इथे पाहुण्याने पाणी घेऊ नये म्हणून शिपाई उभा होता.

या हकिकतीचा वापर कोणा एका धर्माला झोडपायला करणं सोपं आहे. पण बाबासाहेबांनी ती तेवढ्यासाठी लिहिलेली नाही. त्याच लेखनात हिंदू गाडीवाला आहे, हिंदू डॉक्टर आहे, बडोद्याची पारशी धर्मशाळा आहे. त्यांचं म्हणणं असं की गावगाड्यातली अस्पृश्यता एका धर्माच्या कुंपणात राहत नाही, ती शेजाऱ्यालाही लागते. मसूरला आणि दौलताबादला माणसं वेगळी, धर्म वेगळे, पण पाणी नाकारायची रीत एकच.

दुसरी गोष्ट कायद्याची. मुंबई इलाख्यात सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला होता. सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याच्या आधारानेच 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर लोक पाणी प्यायले. तरीही कोर्टात तो वाद 1937 पर्यंत चालला. आणि येवला ओलांडलं की हा ठरावही मागे राहायचा, कारण पुढे निजामाचं राज्य. म्हणजे हद्द बदलली की जो काही थोडाफार हक्क होता तोही जायचा.

आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. त्यातलं सतरावं कलम, अस्पृश्यता नष्ट करणारं, आपल्याला माहीत असतं. आम्ही तुम्हाला पंधरावं कलम जरा सावकाश वाचायला सांगू. त्यात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा येतात. पुढे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांनी जमायच्या सार्वजनिक जागा येतात. या शेवटच्या जागांसाठी मूळ इंग्रजीत 'रिसॉर्ट' हाच शब्द आहे. ही यादी वाचली की आम्हाला ती सहलीला निघालेल्या माणसाच्या दिवसासारखीच वाटते. रस्ता, चहाचं हॉटेल, तळं, घाट, बघायची जागा. मसूर स्टेशनपासून दौलताबादच्या हौदापर्यंत जे जे नाकारलं गेलं, ते ते एकेक करून त्यात आलेलं आहे.

बाबासाहेब या भागात पुन्हा आले ते कॉलेज काढायला. 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनातली झाडं आणि वाटा आजही आपल्या शहरातली फिरायची सुंदर जागा आहे. ज्या किल्ल्यात त्यांना शिपायाच्या पहाऱ्यात फिरावं लागलं, तिथून काही मैलांवर त्यांनी हजारो मुलांसाठी मोकळं आवार उभं केलं.

आता प्रश्न उरतो तो आपला. आपण सहलीची तयारी करताना काय काय बघतो? गाडी, डबा, तिकिटं, फोटो. वेरूळला कैलास बघतो, तो आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरला, हे मुलांना सांगतो. ते सांगायलाच हवं. पण शाळेतल्या शिक्षक मंडळींना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी दौलताबादला मुलांना घेऊन जाल, तेव्हा दरवाजापाशी दहा मिनिटं थांबा. पाण्याच्या बाटल्या उघडायला सांगा, हवं तर एकमेकांच्या बाटलीतलं पाणी पिऊ द्या, आणि 1934 ची ही हकिकत सांगा. यादवांपासून तुघलकापर्यंतच्या इतिहासात हाही एक दिवस आहे, आणि तो तितकाच त्या किल्ल्याचा आहे.

आणि मोठ्यांनी घरी आल्यावर आणखी एक करावं. आपल्या गावातल्या पाणवठ्याची, हापशाची, टँकरच्या रांगेची आठवण काढावी. पाणी कमी पडलं की आपल्या गावात कोणाचा हंडा मागे सरकतो, हे आपलं आपल्याला माहीत असतं. दुष्काळात हे जास्त कळतं. दौलताबादच्या त्या हौदात पाणी कमी नव्हतं, काठोकाठ भरलेला होता. त्यामुळे सगळा दोष टंचाईवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

महात्मा फुल्यांनी 1868 मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला. त्याला ना कायद्याचा आधार होता, ना सरकारचा. एका घराने ठरवलं आणि केलं. युरोपातल्यासारखी संगमरवरी ओवरीची झऱ्याची गावं आपल्याला बांधता येतील न येतील. पण आपल्या स्टेशनवर उतरणाऱ्या कोणालाही, नाव-गाव न विचारता, तांब्याभर पाणी मिळेल एवढी व्यवस्था तर आपल्या हातात आहे.

आज इथेच थांबतो.  आता प्रश्न विचारा. आणि ज्यांच्या घरात दौलताबादच्या जुन्या सहलींच्या, त्या वाटेवरच्या चांगल्या-वाईट आठवणी असतील, त्यांनी त्या जरूर सांगा. आपल्या भागाचा इतिहास त्या आठवणींतूनही लिहायचा आहे.